लाथा एकतीस हजार, ठोसे नऊ

तीस वर्षं कात्री चालवून मोठ्या बाईंनी स्वतःला कधी साधा ओरखडाही काढून घेतला नव्हता. घात केला तो एका काचेच्या बरणीने, तोही सुट्टीच्या दिवशी, घरी, भांडी घासताना. बरणी हातातच फुटली, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल चीर गेली आणि आतली दोरी तुटली. डॉक्टर तिला कंडरा म्हणाले होते. मोठ्या बाई घरी येईपर्यंत तो शब्द विसरल्या आणि दोरीच म्हणत राहिल्या. तसं पाहिलं तर दोरीच बरोबर आहे. ती ओढली की अंगठा मिटतो, आणि तुटली की अंगठा नुसता शोभेला उरतो.

त्या एका कोटांच्या कारखान्यात कटिंग करत. पहिल्या मजल्यावर खिडकीशी लांबलचक टेबल, त्यावर जाड कापडाचे चार-चार थर, आणि ते थर एका दमात कापणाऱ्या मोठ्या बाई. शेजारी त्यांच्या हाताखाली आठ वर्षं शिकलेल्या धाकट्या बाई. दोघींना खरी नावं होती, पण पगाराचा दिवस सोडला तर ती कोणी वापरत नसे. मोठ्या कारखान्यांत हे काम यंत्राची सुरी करते. इथे कोट निघायचे ते दहा-वीसच्या संख्येने, कधी हॉटेलातल्या दारवानांचे, कधी एखाद्या वाद्यवृंदाचे, त्यामुळे कात्रीचं राज्य अजून शिल्लक होतं.

मोठ्या बाईंची ख्याती वेगाची नव्हती, काटकसरीची होती. दुसरा कोणी जिथे चाळीसदा कात्री मिटवील तिथे त्या पंधरादा मिटवत. कागदी नमुने कापडावर अशा बेताने मांडत की उरलेल्या चिंध्यांतून बाहुलीचा कोटसुद्धा निघू नये. कमीत कमी हालचालीत काम उरकणं हा त्यांच्या लेखी अकलेचा पुरावा होता आणि चारित्र्याचाही. आळशी माणूसच जास्त हलतो, असं त्या म्हणत. या वाक्याचा अर्थ कारखान्यात कुणाला नीट लागला नव्हता, पण विचारायची कुणाची छाती नव्हती.

अंगठ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि त्याच आठवड्यात कारखान्याच्या मालकीणबाई फळं घेऊन घरी आल्या. मालकीणबाई गोड बोलत आणि तारखा सोडत नसत. सात आठवड्यांनी हिवाळी कोटांचं जाड कापड येणार होतं. त्यातला पहिला कोट मोठ्या बाईंनी त्यांच्यासमोर कापून दाखवायचा. हात चालला तर टेबल मोठ्या बाईंचं. नाही चालला तर टेबल कायमचं धाकट्या बाईंना द्यायचं आणि मोठ्या बाईंनी तळमजल्यावर तपासणीला बसायचं. पगार तोच राहील, असं मालकीणबाई दोनदा म्हणाल्या. तपासणी म्हणजे ट्यूबलाइटखाली बसून लोंबते दोरे छाटणं आणि बटणं ओढून पाहणं. मोठ्या बाईंना खाली जायचं नव्हतं. पगार तोच राहिला असता तरी, दुप्पट झाला असता तरी नव्हतं.

हाताचे व्यायाम शिकवायला इस्पितळात एक फिजिओ होता. चाळिशीचा, शब्द जपून वापरणारा माणूस. त्याच्याकडे चिमटीचं माप घेणारं छोटं यंत्र होतं. अंगठा आणि बोट यांच्यात ते दाबायचं, काटा किलो दाखवी. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंचा काटा दीडवर थांबला. जाड कापडाच्या चार थरांना किती लागेल, असं त्यांनी विचारलं. पाच तरी हवेत, तो म्हणाला, आणि त्याने एक मऊ चेंडू देऊन दिवसातून तीन वेळा दोनदोनशे वेळा अंगठ्याने दाबायला सांगितलं. मोठ्या बाईंनी चेंडू तीन दिवस दाबला आणि चौथ्या दिवशी फळांच्या टोपलीत ठेवून दिला. ज्या दाबण्यातून काहीच कापलं जात नाही, ते दाबणं त्यांना माणसाला वेडं करणारं वाटत होतं.

इथे त्यांचे यजमान कथेत शिरतात. ते बसच्या आगारात टाइमकीपर होते. बस कधी आली आणि कधी गेली हे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि त्यामुळे प्रत्येक अडचणीवर आपल्याकडे उपाय आहे असा त्यांचा समज झाला होता. बहुतेक वेळा ते उंटावरून शेळ्या हाकत. या वेळी मात्र त्यांनी फिजिओला फोन करून विचारलं की चेंडूऐवजी मोबाईलवरचा एखादा खेळ चालेल का. फिजिओ म्हणाला, अंगठा हलके हलके पुष्कळ वेळा दाबला गेला म्हणजे झालं. यजमानांनी आगारातल्या एका कंडक्टरला विचारून दोन चहांच्या किमतीत एक कराटेचा खेळ बायकोच्या मोबाईलमध्ये घालून दिला.

खेळ किमतीला साजेसाच होता. मागे एक डोंगर आणि एक झाड, ती कधी बदलत नसत. पुढे काड्यांची केलेली दोन माणसं. दोघं आधी एकमेकांना वाकून नमस्कार करत आणि मग मारामारीला लागत. खाली दोन बटणं होती. डावीकडच्या बटणावर पाऊल काढलेलं, त्याने लाथ बसायची. उजवीकडच्या बटणावर मूठ, ते दाबून धरून सोडलं की ठोसा. एकापुढे एक छत्तीस प्रतिस्पर्धी उभे होते आणि जिंकत गेलं की आपल्या माणसाच्या कमरेचा पट्टा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत बदलत जायचा. मोठ्या बाईंनी आधी नाक मुरडलं. शोभतं का हे या वयात, असं म्हणून झालं. मग यजमान कामावर गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि खेळायला बसल्या.

पहिला प्रतिस्पर्धी पांढऱ्या कपड्यांतला एक शिकाऊ होता. त्याच्याशी त्या चार वेळा हरल्या. पाचव्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं की हा पोरगा पुढे येताना एक पाऊल उचलतो, आणि ते हवेत असताना दुसऱ्या पायाच्या घोट्यावर तीनदा लाथ घातली की सरळ आडवा होतो. मोठ्या बाईंनी घोट्यावर लाथ घातली. पोरगा आडवा झाला. दुसरा आला, डोक्याला पट्टी बांधलेला. तोही पाऊल उचलत होता. तिसरा टकलू, चौथी वेणीवाली. सगळे पाऊल उचलत होते. खेळ बनवणाऱ्यानेही काटकसर केली होती, छत्तीस माणसांना चाल एकच दिली होती.

कापड पाहिल्याबरोबर नमुने कसे बसतील हे ज्या डोळ्यांना दिसतं, त्यांना हे दिसायला वेळ लागला नाही. अकराव्या दिवशी मोठ्या बाईंच्या माणसाच्या कमरेला काळा पट्टा आला. त्यानंतरही त्या थांबल्या नाहीत. रोज छत्तीसच्या छत्तीस जणांना पहिल्यापासून लोळवू लागल्या, आणि तेही कमीत कमी लाथांत. यजमानांनी आगारात ही बातमी ड्रायव्हरांपासून झाडूवाल्यापर्यंत पोचवली. कंडक्टर स्वतः तपकिरी पट्ट्यावर अडकला होता. त्याने वहिनींना निरोप धाडला की एकदा शिकवा. मोठ्या बाई निरोप ऐकून हसल्या, पण आत कुठेतरी टेबल आपलंच राहणार याची त्यांना खात्री वाटू लागली होती.

चार आठवड्यांनी फिजिओने चिमटीचं माप घेतलं. काटा पावणेदोनवर गेला आणि थांबला. त्याने यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, पुन्हा घेतलं, पुन्हा पावणेदोन. व्यायाम करता का, त्याने विचारलं. मोठ्या बाईंनी पर्समधून मोबाईल काढला आणि काळा पट्टा त्याच्यासमोर धरला. इतक्या अभिमानाने त्यांनी लेकाचं प्रगतिपुस्तकही कधी कुणाला दाखवलं नसेल. फिजिओने मोबाईल हातात घेतला, इकडेतिकडे बोट फिरवून हिशेबाचं एक पान उघडलं. ते पान मोठ्या बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यावर पावलाचं चित्र होतं, पुढे एकतीस हजार दोनशे बारा. त्याखाली मुठीचं चित्र आणि पुढे नऊ.

"हा खेळ कोणत्या हाताने खेळता?"

"दोन्ही हातांनी. मोबाईल दोन्ही हातांनीच धरते मी."

"धरता दोन्हींनी. मारता कशाने?"

मोठ्या बाई त्या नऊच्या आकड्याकडे बघत राहिल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला. लाथा सगळ्या डाव्या अंगठ्याच्या होत्या. ते नऊ ठोसे पहिल्या दिवसाचे, चार वेळा हरल्या तेव्हाचे. उजवा अंगठा चार आठवडे मोबाईलच्या कडेला टेकून आराम करत होता, आणि त्याला त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. ठोशाला वेळ लागतो, ठोसा दुखतो, लाथेने काम भागतं, मग ठोसा कशाला, इतकाच त्यांचा विचार झाला होता. कमी हालचालीत काम उरकायची तीस वर्षांची सवय. दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्याला आळस म्हणता आलं असतं.

फिजिओ रागावला नाही, ते त्यांना जास्त लागलं. दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या, एवढंच तो म्हणाला, आणि तीन आठवड्यांत पाच किलो होणार नाहीत हेही त्याने लपवलं नाही. होईल तेवढं करू. आता फक्त ठोसे. डावा हात मांडीखाली घालून बसायचं.

तशा त्या बसल्या. जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत, डावा हात मांडीखाली दाबलेला, मोबाईल पुढे चादरीच्या घडीवर टेकवलेला आणि उजवा अंगठा मुठीच्या बटणावर. पट्ट्याचा खेळ असा होता की पाच वेळा हरलं की तो एका रंगाने खाली यायचा. प्रतिस्पर्धीही त्याच मानाने सोपे होत जायचे. काळा पट्टा पहिल्याच दिवशी गेला. तपकिरी दुसऱ्या दिवशी सकाळी. ठोसा मारायला बटण दाबून धरावं लागे, अंगठ्याला तेवढा दम नव्हता, तो मध्येच सुटे आणि नुसता वारा घातल्यासारखा एक दुबळा हात पुढे जाई. आठवडा संपायच्या आत मोठ्या बाई पांढऱ्या पट्ट्यावर येऊन पहिल्या शिकाऊ पोरासमोर उभ्या होत्या, आणि तो पोरगा त्यांना झोडपत होता.

त्यांना याचा मनस्वी संताप येई. खेळ खोटा आहे, माणसं काड्यांची आहेत, हे कळत असूनही येई. या पोराला आपण चार सेकंदांत पाडत होतो, हे त्या विसरू शकत नव्हत्या. दर वेळी तो आधी वाकून नमस्कार करी, त्याचाही त्यांना राग येऊ लागला होता.

यजमानांना तर हे पाहवेना. आगारात ते आता खेळाचा विषय टाळत होते. एका संध्याकाळी ते बायकोच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मधूनच एखादी लाथ घातलीस तर काय बिघडणार आहे, पट्टा तरी पिवळा होईल. मोठ्या बाई मुठीचं बटण दाबत राहिल्या. दोन दिवसांनी त्या अंघोळ करून आल्या तर पट्टा हिरवा होता. त्यांनी हिशेबाचं पान उघडलं. पावलापुढचा आकडा चारशे तेराने वाढलेला.

"माझा अंगठा बरा व्हायचाय, तुमचा नाही," त्या म्हणाल्या.

यजमान पेपरात डोकं खुपसून बसले. मग पेपरामागून म्हणाले की त्यांना ती हरताना बघवत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. एवढं स्पष्ट ते पहिल्यांदाच बोलले असावेत. मोठ्या बाईंना त्यांचं वाईट वाटलं. पण त्यांनी हिरव्या पट्ट्यावरून पुन्हा हरत हरत पांढऱ्यावर यायला सुरुवात केली, आणि यजमान त्या वेळात बाहेर फिरायला जाऊ लागले.

हरण्यातून एक गोष्ट मात्र त्यांना कळत गेली. अंगठा कसा दमतो ती. पहिले पन्नास-साठ ठोसे बरे जात. मग मुळाशी ऊब येई. ऊब आली की अजून वीसेक ठोसे हातात असत. त्यानंतर अंगठा उशीर करू लागे. आपण दाबलं असं वाटे आणि तो एका क्षणाने मागाहून दाबे. तेवढ्यात पोराची लाथ बसलेली असे. उशीर सुरू झाला की पुढचा ठोसा कुठे जाईल याचा भरवसा नसे. मोठ्या बाईंनी पुष्कळदा हट्टाने तसंच रेटून पाहिलं. एकदाही जिंकल्या नाहीत.

कोट कापायच्या आधीच्या रविवारी धाकट्या बाई आल्या. चौतिशीच्या, दोन मुलांची आई, बोलायला कंजूष. नव्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या होत्या. त्याची लव वरून खाली बसवायची की खालून वर, हे विचारायचं होतं. मोठ्या बाईंनी तुकड्यावर दोन्ही बाजूंनी हात फिरवून सांगितलं, वरून खाली, आणि थर लावताना पुसत जायचं, ओढायचं नाही. धाकट्या बाईंनी मान हलवली. हे त्यांना आधीच ठाऊक असावं, असं मोठ्या बाईंना वाटून गेलं.

कारखान्यात सगळे म्हणतात तुम्ही येणारच, धाकट्या बाईंनी सांगितलं.

"आणि तू काय म्हणतेस?"

धाकट्या बाईंनी तुकड्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मी म्हणते या. पण बाई, मला ते टेबल आवडायला लागलंय. तुमच्याशी खोटं कशाला बोलू."

मोठ्या बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. जिला कात्री धरायला शिकवली तीच. मग लगेच वाटलं, हिच्या जागी आपण असतो तर हे तोंडावर बोलायचं धाडस झालं असतं का. त्यांनी चहा केला. दोघींनी तो प्यायला आणि धाकट्या बाई गेल्या.

ठरल्या दिवशी सकाळी मोठ्या बाई कारखान्याचा जिना चढल्या. आदल्या दिवशी फिजिओकडे काटा साडेतीनवर गेला होता. टेबलावर गडद राखी कापड, चार थर, जाडजूड. त्या कापडाचे कोट आधीच विकलेले होते, चाचणीसाठी वेगळं असं काही नव्हतं. मालकीणबाई खिडकीशी उभ्या, धाकट्या बाई टेबलाच्या टोकाशी. मोठ्या बाईंनी नमुने मांडले, खडूने रेघा ओढल्या, वजनं ठेवली आणि आपली कात्री उचलली. कात्री हातात बसल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं की क्षणभर बाकी सगळं विसरायला झालं.

पाठ कापली. सरळ रेघ, कात्रीचे लांब लांब घास. बाजू कापली. मालकीणबाई जवळ आल्या, कड पाहिली, काही बोलल्या नाहीत, म्हणजे चांगली होती. मग पुढचा भाग. त्यात खालून वर जाणारी सरळ रेघ, आणि वर बाही बसते तो मुंढा, त्याची गोलाई. कोटाचं सगळं सोनंनाणं त्या गोलाईत असतं. ती चुकली की खांदा कायमचा चुकला.

सरळ रेघ अर्धी झाली तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी ऊब आली. मोठ्या बाईंनी तिला ओळखलं. अजून वीसेक घास, त्यांनी मनाशी धरलं, आणि घास मोजून घेऊ लागल्या. गोलाई सहा बोटांवर आली आणि अंगठ्याने पहिल्यांदा उशीर केला. फार नाही, एका क्षणाचा. टेबलाशी उभ्या असलेल्या दोघींपैकी कुणालाही तो दिसला नाही.

आता दोन वाटा होत्या, आणि त्या त्यांना लख्ख दिसत होत्या. अंगठा बाजूला ठेवून तळवा आणि खांद्याच्या जोराने कात्री रेटायची, ही एक. तसं केलं की पातं किंचित कलतं. वरचा थर खडूच्या रेघेवर बरोबर कापला जातो आणि खालचे तीन घसरतात, अर्धं बोट, कधी जास्त. ते वरून कळत नाही. कळतं आठवड्याने, शिवणखात्यात, खांदे बसेनात की. तोवर टेबल त्यांचं झालेलं असणार, आणि कापडच सरकलं म्हणायला कुणाची ना नाही. मालकीणबाई वरचाच थर बघत होत्या. कात्री इथेच खाली ठेवायची, ही दुसरी वाट.

मोठ्या बाई थांबल्या.  इतक्या दिवसांत खेळातल्या त्या पांढऱ्या कपड्यांतल्या पोरासमोर एवढ्या वेळा हरल्या होत्या की इथून पुढे काय होतं याविषयी स्वतःला फसवायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. त्यांनी कात्री उघडी करून मागे घेतली आणि टेबलावर ठेवली.

"माझा अंगठा संपला," त्या म्हणाल्या. "इथून पुढे तू काप."

धाकट्या बाई जागच्या हलल्या नाहीत. मालकीणबाईंनी एकदम वर पाहिलं. या कारखान्यात न लिहिलेला एक नियम होता, की ज्याने कट सुरू केला त्यानेच तो संपवायचा. हात बदलला की कड बदलते, तिथे एक बारीक पायरी उमटते, डोळ्याला दिसली नाही तरी नखाला लागते, आणि शिवणारीची सुई नेमकी तिथेच अडते. हा नियम मोठ्या बाईंनीच घालून दिला होता. त्यावरून त्यांनी दोघीतिघींना रडवलंही होतं.

"बाई, पायरी पडेल," धाकट्या बाई म्हणाल्या.

"पडली तर पडली. गोलाई तरी वाचेल. ये."

धाकट्या बाई आल्या. आपली कात्री घेतली, थांबलेल्या जागी पातं आत घातलं, एकदा श्वास घेतला आणि सहा बोटं सरळ जाऊन गोलाईत शिरल्या. कोपर अंगाशी धरलेलं, डोळे पात्यावर नाहीत तर पात्याच्या चार बोटं पुढे, आणि घास लांब, पूर्ण न मिटवता. मोठ्या बाईंनी आयुष्यात स्वतःला कापताना कधी पाहिलं नव्हतं. कुणी पाहतं स्वतःला? आज बाजूला उभं राहून त्यांना ते पाहायला मिळालं. गोलाई सात घासांत संपली. त्यांनी स्वतः सातच घेतले असते.

मालकीणबाईंनी चारही थर सुटे केले आणि एकेकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. खालून वर, मग वरून खाली. त्या शिवणकामातून वर आलेल्या होत्या, त्यांच्या नखाला चुका कळत. चौथ्या थराशी त्या थांबल्या आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"कुठे थांबलात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी कापड हातात घेतलं. सरळ रेघेवर, गोलाईच्या सहा बोटं खाली, त्यांना चांगलं आठवत होतं. त्यांनी नख फिरवलं. काही लागलं नाही. कापड खिडकीच्या उजेडात धरलं, तिरपं केलं, डोळ्यांजवळ आणलं. चारही थर बघितले. तीस वर्षांत दुसऱ्याच्या कटातली पायरी त्यांच्याकडून सुटली नव्हती, आणि आज स्वतःची त्यांना सापडत नव्हती.

त्यांना अभिमान वाटला. आणि तो वाटत असतानाच आपल्यावाचून आता इथे काहीच अडणार नाही हे त्या कडेवर स्वच्छ दिसत होतं. अभिमान त्यापुढे लहान पडला.

मालकीणबाईंनी घसा साफ केला. त्या काहीतरी गोड बोलणार होत्या, पगाराविषयीही बोलणार होत्या, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मोठ्या बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"टेबल हिचं," त्या म्हणाल्या.

आणि त्या टेबलावरून वजनं उचलून एकावर एक रचू लागल्या. धाकट्या बाई मदतीला पुढे झाल्या, पण मोठ्या बाईंनी मानेनेच नको म्हटलं, म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या.